गाडीची वाट पाहणारी माणसं

सोलापूरहून मुंबईशी बोलायचं तर एकेकाळी ट्रंक कॉल बुक करावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार आणि तिन्हींचे दर वेगळे. चाटी गल्लीतले कापडाचे व्यापारी सकाळी कॉल नोंदवून फोनजवळ ठाण मांडून बसत. दुपार टळली तरी मुंबईचं मूळजी जेठा मार्केट लागत नसे. साधा माणूस फोनच्या वाटेला जायचाच नाही. त्याच्यासाठी तार होती. तार आली की घरात आधी रडारड व्हायची, मग कुणीतरी शहाणासुरता ती वाचून दाखवायचा.

हे बदललं १९८४ नंतर. त्या वर्षी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली, पुढे देशी बनावटीची टेलिफोन एक्स्चेंज गावोगाव बसली आणि नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्या लागल्या: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. यातले पुष्कळ बूथ अपंगांना दिले जात. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी. त्या कोट्यातून मला सोलापूर स्टेशनच्या समोरच्या रस्त्यावर बूथ मिळाला. प्लायवूड आणि काचेची केबिन, आत एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा. भिंतीवर गावांच्या कोडचा तक्ता, माझ्या टेबलावर लाल आकडे पळवणारं मीटर आणि पावतीची अरुंद पट्टी बाहेर टाकणारा छोटा प्रिंटर. आत बोलणाऱ्याची एक नजर कायम त्या आकड्यांवर असायची. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर कमी, रात्री उशिरा चौथाई. त्यामुळे सोलापूर झोपलं की माझ्या दारात रांग लागायची.

त्या रांगेत सगळ्यात जास्त लागायचा तो ०२२, म्हणजे मुंबई. त्याचं कारण सोलापूरच्या मिलच्या भोंग्यांत आहे. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली, १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी. या मिलनी आंध्रातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं ओढून आणली. गावात तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच नळावर ऐकू यायला लागल्या. पुढे एकेक करून भोंगे बंद झाले आणि त्याच माणसांच्या पोरांनी मुंबई, भिवंडी, पुणे गाठलं. आई-बाप इथे, पोरगं तिकडे. मी तेलुगूत काळजी करणाऱ्या आया ऐकल्या आणि कन्नडमधून पैसे मागणारे बाप ऐकले. ऐकायचं नाही म्हटलं तरी काचेतून ऐकू यायचंच.

मार्च २००६ मध्ये बीएसएनएलनं देशभर एका रुपयात बोलण्याची योजना आणली, आणि धंद्याचा कणा मोडला तो तेव्हा. पुढच्या दोन वर्षांत हातोहाती मोबाइल आले. मी झेरॉक्सचं मशीन घेतलं, रिचार्ज विकू लागलो, पण केबिन काढली नाही. मोबाइलला रेंज नसते, बॅलन्स संपतो, आणि अशा वेळी माणूस स्टेशनसमोर पिवळी पाटी शोधतो.

२६ नोव्हेंबर २००८ हा बुधवार होता. रात्री दहाच्या पुढे समोरच्या पानटपरीवरच्या टीव्हीभोवती गर्दी दिसायला लागली. पहिल्यांदा कुणी म्हणालं, कुलाब्यात दोन टोळ्यांत गोळीबार झालाय. मुंबईत असं काही झालं की पहिला संशय टोळ्यांवरच जायचा. थोड्या वेळानं एक रिक्षावाला धावत आला. "मामा, व्हीटीवर झालंय. आपल्या गाडीच्या जागंला."

आपली गाडी म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेस. सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. ग्रामदैवताचं नाव असलेली ही गाडी रात्री साडेदहानंतर मुंबईच्या व्हीटीहून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, सुटते आणि सकाळी सोलापूरला येते. मंत्रालयात फाइल हलवायला गेलेला शिक्षक, टाटा हॉस्पिटलला रिपोर्ट घ्यायला गेलेला पेशंट, चादरीचे नमुने दाखवायला गेलेला कारखानदार, लेकीचं बाळंतपण उरकून परतणारी आई, सगळे हीच गाडी धरतात. जनरल डब्यात जागा हवी असेल तर दहाच्या आत येऊन हॉलमध्ये पथारी टाकायची, ही आमची रीत. आणि गोळ्या सुटल्या त्या दहा वाजायच्या आतच. कसाब आणि इस्माईल या दोन अतिरेक्यांनी मेन लाइनच्या हॉलमध्ये, बोचकी उशाला घेऊन बसलेल्या माणसांवर एके-४७ चालवल्या आणि बॉम्ब फेकले.

माझी रांग परत आली. गेली दोन वर्षं जी दिसली नव्हती ती रांग, चौथाई दराच्या दिवसांसारखी, थेट फुटपाथवर. मोबाइल लागत नव्हते. लागले तरी समोर रिंग वाजत राहायची आणि उचलायचं कुणी नाही. माझ्या फोनवरूनही तेच रेकॉर्ड वाजत होतं: या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. मी मीटर बंद करून ठेवलं. एकेकाचा नंबर घ्यायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा, लागला की त्याला आत ढकलायचं, असं चाललं.

त्यात पूर्व भागातली एक बिडी कामगार बाई होती. नवरा टाटा हॉस्पिटलला गेलेला, त्या रात्रीच्या गाडीनं परतणार. शेजाऱ्याच्या मोबाइलवरून काही लागेना म्हणून ती चालत स्टेशनवर आली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीमागं पेन्सिलीनं लिहिलेला नंबर तिनं माझ्यापुढं धरला. बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालेली, आणि त्या बोटांनी चिठ्ठी इतकी दाबून धरली होती की मला ती सोडवून घ्यावी लागली. "अण्णा, लावा की. एकदा लावा." नंबर सोबत गेलेल्या भाच्याचा होता. रिंग जायची आणि तुटायची. ती बाकड्यावर बसली. दर थोड्या वेळानं उठून माझ्याकडं नुसती बघायची. मी मान हलवायचो आणि पुन्हा नंबर फिरवायचो.

रात्री एकच्या सुमाराला फोन उलटा माझ्याकडं वाजला. भाचाच होता. मोबाइलवर आलेला नंबर बघून त्यानं परत लावला होता. मामा-भाचे परळहून लोकलनं आले होते, आणि लोकल व्हीटीला लागली तेव्हा गोळीबार सुरू झालेला होता. मेन लाइनकडं वळणार, एवढ्यात स्पीकरवरून सूचना यायला लागल्या: पुढं येऊ नका, मागच्या बाजूनं स्टेशनबाहेर पडा. "मामाला चालवत नव्हतं, मी ओढतच न्हेलं," भाचा म्हणाला. ते कुठल्या तरी इमारतीच्या जिन्याखाली बसून होते. बाईनं रिसिव्हर घेतला आणि नवऱ्याशी तेलुगूत बोलली. मला त्यातला एकच शब्द कळला, "मंदुलु", म्हणजे औषधं. एवढ्या सगळ्यात औषधांची पिशवी हातात आहे ना, हे तिनं विचारून घेतलं.

तो स्पीकरवरचा आवाज विष्णू झेंडे यांचा होता, हे मला पुढं पेपरात वाचून समजलं. रेल्वेचे उद्घोषक. हॉल आणि फलाट दिसणाऱ्या केबिनमध्ये बसून, बंदुका आपल्याकडं वळू शकतात हे कळत असताना, ते सूचना देत राहिले. त्या आवाजामुळं किती जण वाचले याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. मी आयुष्यभर आवाज पोचवायचा धंदा केला. म्हणून मला त्या रात्रीच्या सगळ्या शौर्यात झेंडे यांचं काम फार जवळचं वाटतं. हातात शस्त्र नाही, जागा सोडायची नाही, आणि बोलायचं थांबायचं नाही.

त्याच स्टेशनात रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे यांनी प्राण गमावले. हॉलमध्ये आणि आसपास पन्नासच्या वर माणसं गेली. त्या रात्री मुंबईत जिथं जिथं हल्ला झाला, त्यात एका जागी सर्वांत जास्त बळी गेले ते इथं.

मध्यरात्र उलटल्यावर टीव्हीच्या पट्टीवर मारल्या गेलेल्या पोलीस अधिकाऱ्यांत तिसरं नाव आलं. हेमंत करकरे, विजय साळसकर, अशोक कामटे. पानटपरीवर तोवर मोठमोठ्यानं चर्चा चाललेली. कामटेंचं नाव दिसलं आणि कुणीच काही बोललं नाही. एका म्हाताऱ्या हमालानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

कामटे मुंबईला जाण्याआधी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. १९८९ च्या तुकडीतले आयपीएस अधिकारी, पोलिसी परंपरेच्या घरातले, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून बोस्नियात काम करून आलेले. उंचीनं आणि अंगानं असे की गर्दीतही लगेच ओळखू यावेत. पण सोलापूरनं त्यांना डोक्यावर घेतलं ते दुसऱ्या कारणासाठी. मोठ्या माणसाला एक कायदा आणि लहान माणसाला दुसरा, याची आम्हाला सवय झाली होती. शेजारच्या राज्यातल्या एका आमदाराच्या वाढदिवसाला रात्री उशिरापर्यंत गोंधळ चालला, तेव्हा आयुक्त स्वतः तिथं गेले आणि कारवाई केली. त्याची चर्चा पुढं कितीतरी दिवस चहाच्या गाड्यांवर चालली होती. गुंडांवर वचक बसला हे तर सगळेच सांगतात. मला आठवतं ते एवढंच की त्या काळात रात्रीच्या गाडीनं उतरलेली एकटीदुकटी बाई माझ्या बूथवर थांबून घरच्यांना "न्यायला या" असा फोन करायची, तो फोन कमी झाला होता. ती सरळ रिक्षा करून जायची.

२६ नोव्हेंबरला कामटे मुंबईच्या पूर्व विभागाचे अप्पर पोलीस आयुक्त होते. व्हीटी त्यांच्या हद्दीत नव्हतं. बोलावणं आलं आणि ते गेले. कामा हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, रंगभवनच्या गल्लीत ते तिघे अधिकारी आणि शिपाई पोलिसांच्या क्वालिसमधून जात असताना कसाब आणि इस्माईलशी गाठ पडली. कसाबच्या हाताला गोळी लागली ती त्याच चकमकीत. गाडीतले अरुण जाधव तेवढे जखमी अवस्थेत वाचले. मारेकरी त्या क्वालिसमधून, मागच्या मेलेल्या शिपायांसकट, निघून गेले. पुढं गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, अंगात गोळ्या शिरल्या तरी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. २६ जानेवारी २००९ ला ते तिघे अधिकारी आणि ओंबळे या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र दिलं गेलं.

कामटेंच्या पत्नी विनीता कामटे यांनी नंतर माहितीच्या अधिकारात त्या रात्रीच्या वायरलेसच्या नोंदी मिळवल्या आणि ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. मी ते दोनदा वाचलं. कुणी कधी काय संदेश दिला, मदत कधी मागितली, ती कधी पोचली, याचा मिनिटामिनिटाचा शोध एका बाईनं आपल्या माणसाच्या मृत्यूनंतर घेतला. ज्याला फोनची, नोंदीची, वेळेची किंमत ठाऊक आहे त्यानं ते पुस्तक वाचावं.

त्या हल्ल्यात एकूण १६६ माणसं गेली. व्हीटीच्या हॉलमध्ये हिंदू होते तसे मुसलमानही होते. गोळी चालवणाऱ्यांनी कुणाला नाव विचारलं नव्हतं. पुढं नऊ मारेकऱ्यांची प्रेतं दफनासाठी आली तेव्हा मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी त्यांना जागा द्यायला नकार दिला. ही बातमी आली तो दिवस मला नीट आठवतो. विजापूर वेशीकडचे एक मास्तर झेरॉक्सला आले होते. त्यांनी त्या बातमीच्याच चार प्रती काढून घेतल्या, नीट घडी घालून खिशात ठेवल्या आणि न बोलता गेले.

खटला चालला तेव्हा देविका रोटावन नावाची लहान मुलगी साक्षीला आली. बापाबरोबर आणि भावाबरोबर पुण्याच्या गाडीची वाट बघत ती हॉलमध्ये बसली होती आणि तिच्या पायात गोळी घुसली होती. ती कोर्टात कुबडी घेऊन गेली आणि कसाबला ओळखलं. सगळ्यांच्या नजरा आपल्या पायावर असताना कुबडी टेकत मोठ्या खोलीत शिरणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. मोठ्या माणसांचे पाय लटपटतात तिथं ती उभी राहिली.

६ मे २०१० ला कसाबला शिक्षा सुनावली गेली, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत झालं, दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडं गेला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी येरवड्यात फाशी झाली. त्यालासुद्धा वकील मिळाला, त्याच्याविरुद्धचा पुरावा तपासला गेला, याचा मला या देशाचा नागरिक म्हणून अभिमान वाटतो. पण येरवड्याचं नाव ऐकलं आणि मन दुसरीकडं गेलं. सोलापूरच्या माणसाचं जाणारच.

कारण १२ जानेवारी १९३१ ला याच तुरुंगात आमचे चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, ठाणी आणि कोर्ट जळालं, इंग्रज अधिकारी गाव सोडून स्टेशनकडं सरकले आणि काही दिवस गाव लोकांच्या हाती राहिलं. १२ मेला मार्शल लॉ लागला. मग खटला आणि फाशी. या गोष्टीला नव्वद वर्षं होऊन गेली, तरी सोलापुरात पहिली-दुसरीतलं पोरही ही चार नावं एका दमात म्हणतं. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान असं त्यांचं वेगळं वेगळं सांगत नाही; चारही नावं एकत्र, त्याच क्रमानं. गड्ड्याच्या जत्रेची धांदल सुरू असते, नंदीध्वजांची तयारी चाललेली असते, तरी १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार पडल्याशिवाय राहत नाही. आठवण कशी ठेवायची ते या गावाला कुणी शिकवायला नको. नावं घेतली की आठवण राहते.

आणि म्हणून २६ नोव्हेंबरबद्दल माझं मन भरत नाही. कामटेसाहेबांवर सोलापूरनं प्रेम केलं आणि ते टिकवलं, यात शंका नाही. दर वर्षी फलक लागतात, मेणबत्त्या लागतात, रक्तदान होतं. २०१५ पासून हाच दिवस संविधान दिन म्हणूनही पाळतात, शाळांत सकाळी उद्देशिका वाचली जाते आणि मग दोन मिनिटं उभं राहतात. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात शाळेतली मुलं प्रकल्पासाठी चित्रं काढून घ्यायला येतात. चित्र एकच असतं: ताज हॉटेलच्या घुमटातून निघणारा धूर. खाली चार अधिकाऱ्यांचे फोटो. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीला मी विचारलं, स्टेशनचं चित्र नको का? तिनं विचारलं, "काका, स्टेशनवर पण झालं होतं?" तिचा काही दोष नाही. तिचा जन्म त्यानंतरचा. सोलापूरच्या त्या मुलीचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, ती सिद्धेश्वरनं मुंबईला जाऊन आलेली, त्याच हॉलमधून चालत गेलेली. तिला हे कुणी सांगितलंच नाही.

ताजची आठवण ठेवूच नये असं मी म्हणत नाही. तिथंही माणसंच मेली, आणि तिथल्या नोकरवर्गानं पाहुण्यांसाठी जीव दिला. पण तीन दिवस कॅमेरे तिथं लागले होते, त्यामुळं जगाला ते दिसलं. स्टेशनमधला संहार त्या मानानं थोड्या वेळात संपला आणि दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. फरशी धुतली गेली, माणसं पुन्हा पथारी टाकून बसू लागली. त्याला मुंबईची जिद्द म्हणतात. असेल. मला वाटतं की ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचंच आहे त्याच्यापुढं दुसरा रस्ता नसतो. त्या हॉलमध्ये जे मेले ते अशाच घरांतले होते, बहुतेक दूरच्या गावांना निघालेले, खिशात जनरलचं तिकीट. आमच्या बिडी कामगार बाईचा नवरा थोडा आधी आला असता तर तो त्यांच्यात असता. त्याच्यात आणि त्यांच्यात अंतर होतं ते एका लोकलचं.

तो माणूस पुढं आजारानं गेला. भाचा भिवंडीत आहे. बाई आता बिड्या वळत नाही, नजर गेली. मी तिला विचारलं की त्या रात्रीचं कुणाला सांगितलंस का, तर म्हणाली, विचारलं कुणी? असे किती तरी असतील आपल्या गावात. त्या रात्री व्हीटीवर उतरलेले, गाडी धरायला निघालेले, हॉलमधून पळालेले, किंवा माझ्या बाकड्यावर बसून फोनची वाट बघितलेले. त्यांच्या हकिकती कुठल्याही पुस्तकात नाहीत, आणि माणसं म्हातारी झाली आहेत.

म्हणून या २६ नोव्हेंबरला माझं मंडळांना आणि शाळांना सांगणं आहे. फलकावर कामटेसाहेबांच्या शेजारी स्टेशनचा हॉलही छापा, झेंडे यांचं नाव लिहा, आणि चार हुतात्म्यांची नावं घेता तशी त्या हॉलमध्ये गेलेल्यांची नावं एकदा मोठ्यानं वाचा. आणि ज्यांनी ती रात्र पाहिली किंवा फोनच्या या टोकाला बसून काढली, त्यांनी आपली हकीकत लिहून काढावी, लिहिता येत नसेल तर नातवंडाला सांगून लिहून घ्यावी. स्टेशनसमोर माझं दुकान अजून आहे. अशा कागदांच्या प्रतीचे मी पैसे घेणार नाही.